बोदलकशाची पोरगी

रोवणीच्या दिवसांत आमच्या गावात बाईमाणूस मिळणं कठीण. सगळ्यांच्या भाताच्या बांध्या एकाच आठवड्यात चिखलून तयार होतात, सगळ्यांचे पऱ्हे, म्हणजे रोपं, एकदमच उपटायला येतात, आणि वाकणाऱ्या कमरा गावात आहेत तेवढ्याच. तरी आमच्या बांधीत चौदा बायका यायच्या, आणि त्या माझ्यामुळे यायच्या, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. आई म्हणते, त्या तिच्या हातच्या चण्याच्या उसळीसाठी यायच्या. आईला बोलू द्या.

मी ओळीत उभी राहिले की गोष्ट सुरू व्हायची. आमचं गाव बिरसीच्या विमानतळाला लागून. शिकाऊ पायलटांची छोटी विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालत असतात. एकदा एक विमान इतकं खाली आलं की आतल्या पोराने खिडकीतून मला विचारलं, दीदी, गोंदिया किधर पड़ेगा. माझ्या हातात पऱ्ह्यांची जुडी होती, तीच वर करून मी दिशा दाखवली, तर तो जुडी घेऊन उडाला. आजही बिरसीच्या धावपट्टीच्या कडेला चार फुटवे दिसतात ते माझे. अशी गोष्ट. बायका म्हणायच्या, "खोटारडी," आणि तोवर ओळ आठ हात मागे सरकलेली असायची. कंबर मोडत असते तेव्हा कान भरलेले असावे लागतात. ज्याने रोवणी केली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. ओळीच्या डाव्या टोकाला आमची काकी असायची. अख्ख्या गावाची काकी, साठीची, आवाज ट्रॅक्टरचा. तिने मला बजावून ठेवलं होतं की खरं काही सांगायचं असलं तर घरी आईला सांग, इथे कामाच्या वेळी नको.

त्या वर्षी मला एकवीस पूर्ण झाली होती. बी.ए.चं शेवटचं वर्ष आणि पोलीस भरतीची तयारी सोबतच चालली होती. सकाळी डांबरी रस्त्यावर धावायचे. आठशे मीटर किती वेळात पळायचे ते लिहीत नाही, कारण दर वेळी सांगताना तो वेळ थोडा कमी होतो. उन्हाळ्यात साक्षगंध झालं होतं. मुलगा तिरोड्याचा, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला, शांत, दात इतके पांढरे की फोटोवाल्याला फ्लॅश मारावा लागला नाही. लग्न फाल्गुनात ठरलं होतं आणि भरतीचं ग्राउंड त्याआधी, हिवाळ्यात. ही मांडणी माझ्या बापाने, त्याच्या बापाने आणि माझ्या हट्टाने मिळून केली होती. बापाचं म्हणणं, ग्राउंड मारलं तर नोकरीवाली सून म्हणून जाईल, नाही मारलं तर नुसती सून म्हणून जाईल, मांडव काही वाया जात नाही. जूनमध्ये तिरोड्याचा मुलगा मला दोनदा नवेगाव बांधला घेऊन गेला, तलाव दाखवायला. तलाव मी पाहिला. बाकीच्याची मी गोष्ट केलेली नाही.

जुलैच्या शेवटी मी गोंदियातून तपासणीची पट्टी आणली. तिसऱ्या मेडिकलमधून. पहिल्या दोन दुकानांत ओळखीची माणसं उभी होती. पट्टीवर दोन रेषा आल्या. मी संडासात बसून राहिले. भावाने दारावर दोनदा थाप मारली. रडू येईल म्हणून मी थोडं थांबले होते. आलं नाही. पट्टी ब्लाऊजमध्ये घातली, बाहेर आले, म्हशीला पाणी दाखवलं. मग भूक लागली म्हणून कालची पोळी चहात बुडवून खाल्ली.

घरात कळलं तर काय होईल ते मला पाठ होतं. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. आमचं घर तसलं नाही. आई दोन दिवस बोलली नसती. बापाने तिरोड्याला फोन लावला असता. चातुर्मास असला तरी भटजीने काढीव मुहूर्त काढून दिला असता आणि पंधरा दिवसांत मी तिरोड्याला पोहोचले असते. मुलगा चांगला, घर चांगलं, तक्रार करायला कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि हिवाळ्यात ग्राउंडवर सगळ्या पोरी गोळा फेकत असताना मी सात महिन्यांची.

घराला याचा सराव होता. माझ्या भावाचं लग्न असंच तीन महिने अलीकडे ओढलं होतं. भाचा सातव्या महिन्यात झाला, साडेतीन किलोचा. सात महिन्यांचं बाळ साडेतीन किलोचं. आमच्या घरात मी न मारलेली थाप ती एवढीच. मी त्यावर वर्षभर विनोद केले. म्हणायचे, दोन महिने अजून थांबला असता तर दाढी घेऊन आला असता. वहिनी हसायची.

तेव्हा कोणाला कळायच्या आत मला ठरवायचं होतं. आणि ठरवायला बसलं की डोक्यात काहीच यायचं नाही. बांधीत पाणी भरलं की सपाट दिसतं तसं. ठेवायचं का? माहीत नाही. नाही ठेवायचं? माहीत नाही. मी पऱ्हे उपटत होते, रोवत होते, घरी येऊन जेवत होते. तीन दिवस ओळीत मी तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी काकी म्हणाली, "काऊन वो, तोंडाले कुलूप लावून आली का? बांधी आज संपनार नाई अशानं."

मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "बोदलकशाला एक पोरगी आहे."

बोदलकसा मी विचार करून घेतला होता. जलाशय मोठा, गाव तिकडे तिरोड्याच्या पलीकडे, आमच्यापासून लांब. आणि ओळीतल्या चौदा बायकांची माहेरं मी मनातल्या मनात एकेक करून तपासली होती. एकीचंही तिकडे नव्हतं.

पोरीला मी सगळं दिलं. बाप मासेमारीच्या सोसायटीत. घरी शिलाई मशीन. दोन शेळ्या, त्यातली एक आंधळी, पण वासावरून माणूस ओळखणारी. साक्षगंधाला पोपटी साडी. नवरदेव एसटीत कंडक्टर, इतका प्रामाणिक की स्वतःच्या आईचंही तिकीट फाडतो. बायका हसल्या. हसत असतानाच मी सांगितलं की पोरीला दिवस गेले आहेत, लग्न लांब आहे, आणि तिला त्याआधी नर्सची परीक्षा द्यायची आहे.

"त्यात काय इचार करायचा?" काकी म्हणाली. "लगन लवकर लावून टाका. नवरदेव तोच, मांडव तोच."

"अन् परीक्षा?" मी म्हणाले.

"परीक्षा कोठं पळून चालली? लेकरू मोठं झालं का देईन."

"तुमचे लेकरं मोठे झाले न काकी, तुम्ही कायची परीक्षा दिली?" ही टेलरची बायको. गावातल्या टेलरशी लग्न होऊन दोन वर्षं झालेली, जिभेला कात्री नवऱ्याच्या दुकानातली.

"मी कलेक्टर होऊन राहिली. एवढी बांधी झाली का निघाली."

मग ओळभर सुरू झालं. कोणी कच्ची पपई सांगितली, कोणी म्हणाली पपईने काही होत नाही, फक्त पोट बिघडते. टेलरच्या बायकोने सांगितलं की तिच्या जावेच्या बहिणीने कोणाला न विचारता मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, रक्त थांबेना, गोंदियाला नेऊन दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. "मंग डॉक्टरकडे जावं न सरळ, आता कायदा हाय," एक म्हणाली. "कायदा हाय, पन तिथं बसलं का गावातली एक तरी बाई खोकल्याचं औषध घ्याले येतेच," दुसरी म्हणाली. "त्या पोराले सांगितलं का पन तिनं?" "सांगून काय कराव? तो घरी सांगन, घरचे तारीख काढन. काकीचंच होईन."

"माह्यं नेहमीच होते," काकी म्हणाली.

वहिनी माझ्या उजव्या हाताला रोवत होती. ती तोवर एक शब्द बोलली नव्हती. हात न थांबवता म्हणाली, "ते पोरगी काय म्हनते?"

"कोनती?"

"बोदलकशाची. तुम्ही सगळ्याइनं सांगितलं. ते काय म्हनते?"

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी त्या पोरीला मशीन दिली होती, साडी दिली होती, शेळीला नाक दिलं होतं. तिच्या तोंडात एक शब्द घातला नव्हता. मी शोधला. नव्हताच.

"ते उद्या सांगते," मी म्हणाले.

"झालं," काकी म्हणाली. "आता हे बी सिरियलवानी करून राहिली."

संध्याकाळी बोअरिंगवर पाय धुताना वहिनीने दगडाने टाच घासत घासत सांगितलं, "तुह्यं पॅकेट कपाटात तसंच हाय." आम्हा दोघींची पॅडची पाकिटं ती आशाताईकडून आणून तिच्या कपाटात ठेवायची. "मागच्या महिन्याचं. किती झाले?"

"सात आठवडे असतील."

तिने दुसरी टाच घ्यायला पाय बदलला. वहिनी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बारावीला तिला जिल्ह्यात कितवा तरी नंबर होता. मी तो कधी पहिला सांगते, कधी तिसरा. ती स्वतः कधी सांगत नाही.

"मले कोनी इचारलं नव्हतं," ती म्हणाली.

"आणि विचारलं असतं तर?"

"मले काय मालूम. इचारलंच नाई न." तिने पायावर पाणी ओतलं. "पोरगा माहा जीव हाय. ते वेगळं हाय. इचारलं नाई, ते वेगळं हाय. तू मोठी विनोद करत होती त्याच्यावर."

मी बादली भरून तिच्याकडे सरकवली.

"मी इचारून राहिली तुले," ती म्हणाली. "उद्यापर्यंत सांग. ओळीत नोको सांगू. मले सांग."

त्याच संध्याकाळी तिरोड्याहून फोन आला. लग्नाआधी तो घरात नवं न्हाणीघर बांधत होता. फरशी निळी लावायची की पांढरी, हे तो मला विचारत होता. मी सांगितलं असतं तर तो चिडला नसता, पळाला नसता, त्याला आनंद झाला असता, आणि आनंदात त्याने पहिल्यांदा आईला हाक मारली असती. मला फोनमधून मागे त्याची आई दिसत होती, कुकरची शिटी मोजत बसलेली.

"पांढरी," मी म्हणाले.

"पांढरी लवकर मळते न."

"मग निळी."

"मी बी निळीच म्हणत होतो," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि मी पायरीवर बसले. कोंबड्या खुराड्यात जात होत्या. मी त्यांना जाताना पाहिलं. बोदलकशाच्या पोरीचं पाहू म्हटलं. ती मशीनवर बसली आहे, बाहेर तिचा बाप जाळं वाळत घालतो आहे, आणि कोणीतरी विचारतं आहे, काय म्हणतेस. ती वर न बघता म्हणाली, नको. मी तिला पुन्हा विचारलं, दुसऱ्या तऱ्हेने विचारलं, कंडक्टर किती चांगला आहे ते सांगून विचारलं. ती तेच म्हणाली.

सकाळी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून जाताना मी वहिनीला सांगितलं, "नको. आत्ता नको."

"पक्कं?"

"पक्कं."

"सोमवारी जाऊ," ती म्हणाली.

ओळीत मी सांगितलं की पोरगी नको म्हणते. मला वाटलं होतं वादळ उठेल. सगळ्यांनी आपापल्या दोन मुठी रोवल्या. मग काकी म्हणाली, "नोको त नोको. पुढं काय झालं ते सांग." मी म्हणाले, डॉक्टरकडे जाणार आहे सोमवारी. तेवढ्यावर त्यांनी मला सोडलं.

रविवारी टेलरची बायको बांधीत उतरायच्या आधीच धुऱ्यावरून ओरडत आली. "सापडली वो तुही पोरगी."

"कोणती?"

"बोदलकशाची. माह्या मामीले फोन लावला मी काल. तू नाव नाई सांगितलं, पन मामीनं बरोबर काढलं. साक्षगंध झालेलं हाय, पंधरा दिवसापासून रोवणीले येत नाई, खाल्लं का ओकते. घरचे म्हनते कावीळ हाय."

"कावीळच असेल," मी म्हणाले. "तुझं माहेर तर आमगावचं न?"

"माहेर आमगाव. आजोळ बोदलकसा."

माहेरं मी तपासली होती, आजोळं नाही. आमच्याकडे बाई एका गावची कधीच नसते. तिचं एक गाव सासरचं, एक माहेरचं, एक आजोळचं, एक मावशीला दिलेलं, आणि लग्नाचा मांडव पडला की त्या सगळ्या गावांतून गाड्या भरून येतात. चौदा बायका म्हणजे निम्मा जिल्हा. लग्न जुळवायचं असलं की मी स्वतः हेच सांगत आले आहे सगळ्यांना. खोटं बोलताना विसरले.

"अन् डोळे पिवळे हाय का नाई, मामी पाहून येनार हाय," टेलरची बायको म्हणाली. "नवरदेवाकडच्याइले बी समजलंच असन आतापर्यंत."

कुठल्या तरी घरात एक पोरगी खरोखर ओकत होती. तिला मी पाहिलेलं नव्हतं. तिच्याकडे शेळ्या होत्या की नाही तेही मला माहीत नव्हतं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की ती मी. म्हटलं असतं तर दुपारच्या आत आईला कळलं असतं आणि सोमवार गेला असता. मी वाकले आणि रोवायला लागले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि तीही वाकली.

सोमवारी आम्ही दोघी गोंदियाला गेलो. घरी सांगितलं की भरतीसाठी नॉन-क्रिमीलेअर काढायचं आहे. त्या कागदासाठी माणसाला किती चकरा माराव्या लागतात हे बापाला माहीत होतं, त्याने उलट आणखी दोन झेरॉक्स जवळ ठेवायला सांगितलं. दवाखाना एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. पायऱ्या मी पुढे सांगताना कधी शंभर केल्या, कधी दीडशे. वीस होत्या.

टेबलावरच्या मुलीने विचारलं, "साथ में कौन है? पति आए हैं?"

"मी हाय," वहिनी म्हणाली.

"घरवाले का साइन लगेगा."

आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "अठरा पूर्ण आहेत ना? मग तिचीच सही. पाठव आत."

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, पडदा माझ्याकडून थोडा वळवून. सात आठवडे म्हणाल्या. वय, वजन, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या का, सगळं विचारलं आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, "हे तू ठरवलंस की कोणी पाठवलं?"

एवढ्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे एरवी सात उत्तरं असतात. त्या दिवशी एकच होतं. "मी," मी म्हणाले. त्यांनी फॉर्म पुढे केला. मी सही केली. सहीतलं आडनाव नीट आलं नाही, पण चाललं. पहिली गोळी त्यांच्यासमोर पाण्याबरोबर घेतली. उरलेल्या एका पाकिटात घालून दिल्या, बुधवारी घ्यायच्या. दुखेल, रक्त जाईल, तासाला दोन पॅड भिजायला लागले आणि ते थांबलं नाही तर लगेच इथे यायचं, रात्र असो की दिवस. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला यायचं. घरी कोणी मोठं आहे का जवळ राहायला?

"मी हाय," वहिनी पुन्हा म्हणाली. ती चोवीस वर्षांची होती.

मंगळवारी काकीच्या बांधीत रोवणी होती. पोटात पहिली गोळी. काही होत नव्हतं, थोडं मळमळत होतं, तेवढं आधीही मळमळायचंच. टेलरची बायको बातमी घेऊनच उतरली. मामी जाऊन आली होती. डोळे पिवळे वाटले पण खोलीत अंधार होता, नक्की सांगता येत नाही. पोरीची आई रडली. आणि नवरदेवाचा काका गुरुवारी येणार आहे, विचारपूस करायला.

"कायची विचारपूस?" काकी म्हणाली.

"आता काय सांगाव. त्याइच्या बी कानावर गेलंच न."

वहिनीचा हात थांबला. माझा नाही थांबला. मी म्हणाले, "पुढचं ऐकायचं आहे का नाही? पोरगी डॉक्टरकडे गेली."

"सांग," काकी म्हणाली.

"डॉक्टरीणबाईने मशीन लावली पोटावर. पाहते तर काय, शेपटी."

"काय?"

"शेपटी. आता उन्हाळ्यात पोरीने तलावातून ओंजळीने पाणी प्यायलं होतं, त्यात माशाचं अंडं गेलं. पोटात बसलं, फुटलं, मासा वाढला. सात हप्त्यांत दीड किलो. डॉक्टरीण घाबरली, तिने बापाला बोलावलं. बाप सोसायटीतला, तो जाळं घेऊनच आला. तो म्हणे मरळ आहे, डॉक्टरीण म्हणे रोहू आहे. दोघांचं जुंपलं. तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी आला. म्हणे, पोट कोणाचंही असो, पाणी आमच्या तलावाचं आहे, मासा सोसायटीचा. पोरीची आई म्हणे, मग सात हप्ते चारापाणी आम्ही केलं त्याचं काय. कंडक्टर आला, त्याने माशाचं अर्धं तिकीट फाडलं."

ओळ मोडली. एक बाई गुडघ्यांवर बसली चिखलात. काकीने धुऱ्यावर टेकून पदर तोंडात घातला. कोणीतरी चिखलाचा गोळा मारला, तो माझ्या खांद्यावर बसला. मी मासा काढायची गोष्ट आणखी लांबवली, गळ लावला, गांडूळ लावलं. तोंड आपोआप चालत होतं. खाली ओटीपोटात कुठेतरी एक बारीक कळ येऊन गेली, की तसं वाटलं.

टेलरची बायको एकटी सरळ उभी होती. "म्हंजे? सगळी थापच होती का?"

"मी कधी खरं सांगते वो?"

"अन् पोरगी?"

"कोणती पोरगी? आंधळी शेळी माणूस ओळखते म्हटलं तेव्हा नाही कळलं तुले?"

"अन् मी मामीले... मामीनं त अख्ख्या गावाले..."

काकीचं हसणं थांबलं. "फोन लाव," ती म्हणाली. "आत्ताच लाव. लोकाच्या लेकीचं लगन मोडशीन, भवाने."

टेलरची बायको धुऱ्यावर चढली, साडीला हात पुसले, फोन लावला. आम्ही सगळ्या ऐकत होतो. "मामी, ते खोटं होतं वो. हो. सगळंच. आमच्या इथं एक खोटारडी हाय, तिनं रचलं. नाई, पोट बी नाई, काईच नाई. त्या काकाले सांगा कोनालेतरी." ती खाली उतरली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या पोरीला कावीळच होती. तिचं लग्न ठरल्या तारखेला झालं. टेलरची बायको जेवून आली आणि सांगत होती की वांग्याची भाजी तिखट होती.

ओळ पुन्हा लागली. पाच दिवस त्या सगळ्या जिच्यासाठी भांडल्या होत्या ती पोरगी त्यांनी तिथेच पाण्यात सोडून दिली. मला तेच हवं होतं. मी जुडी उचलली. वहिनी हसली नव्हती, पण तिने तिच्या वाट्याची रोवून झाल्यावर माझ्या वाट्याचे दोन हात रोवून दिले.

बुधवारी आईला सांगितलं की पाळी जोरात आली आहे. आईने ओव्याचं पाणी करून दिलं आणि रोवणीला गेली. वहिनीने पायात काटा मोडल्याचं सांगितलं आणि मागे राहिली, खरं वाटावं म्हणून पट्टीसुद्धा बांधली, आणि दिवसभर तिला आठवण झाली की त्या पायाने लंगडायची, मी एकटीच पाहणारी असतानाही. गोळ्या दहाला घेतल्या. अकराला सुरू झालं. मी याची गोष्ट करायचा पुढे प्रयत्न केला आहे. होत नाही. गरम पाण्याची पिशवी होती. वहिनी घड्याळ पाहत होती आणि पॅड मोजत होती. एकदा तिने माझे केस मागे धरले, मी ओकत होते. तीनच्या सुमाराला कमी झालं. मी झोपले. उठले तेव्हा अंगणात बायकांचे आवाज होते, रोवणी सुटली होती. मला दुःख झालं का, सुटल्यासारखं वाटलं का, असं वहिनीने नंतर कधीतरी विचारलं. मी म्हणाले, दोन्ही शोधलं. त्या दिवशी तरी सापडलं नाही. तेव्हा मी तिला हेही सांगितलं की भाच्यावरचे विनोद मी बंद केले आहेत. ती म्हणाली, "कळलं मले."

हिवाळ्यात ग्राउंड झालं. गोळाफेकीत मार्क कमी पडले. फाल्गुनात लग्न झालं, न्हाणीघराची फरशी निळी. पुढच्या भरतीला मी तिरोड्याहून तयारी केली आणि लागले. ते सगळं सरळ झालं असं नाही, सासूशी भांडणं झाली, पण ती इथली नव्हेत.

नवऱ्याला मी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सांगितलं. स्वयंपाकघरात, दिवसाउजेडी, दूध तापवताना. कुठलीही शेळी नाही, मासा नाही. सात आठवडे होते, मी ठरवलं, वहिनी सोबत होती, एवढं. त्यालाही एव्हाना माझी सवय झाली होती. तो ओट्याला टेकून, तोंडावर थोडं हसू ठेवून, पुढचं ऐकायला थांबला. मी दूध ढवळत राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळायला किती वेळ लागला ते मी वाढवून सांगू शकते, पण फार नाही लागला. दूध वर आलं तेव्हा त्याने हात लांब करून गॅस बंद केला आणि तसाच उभा राहिला.

"दुखलं होतं का?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले.